मिथेनची साक्ष

तपकिरी रंगाचा प्रकाश असा काही नसतो. इंद्रधनुष्यात हा रंग सापडत नाही. नारिंगी रंग भोवतालच्या उजेडाच्या मानाने मंद पडला की आपला डोळा त्याला तपकिरी म्हणतो. तेव्हा खगोलशास्त्रातले 'तपकिरी बटू' हे नाव शब्दशः घेण्याजोगे नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. १९७५ साली जिल टार्टर यांनी ते सुचवले तेव्हा असा एकही पिंड कोणाच्या पाहण्यात आला नव्हता. आला तर तो नेमका कोणत्या रंगाचा दिसेल हेही सांगता येत नव्हते. लाल आणि काळा यांच्या दरम्यानचे काहीतरी, एवढाच त्या नावाचा आशय होता. नाव आधी ठरले, नावाचा धनी वीस वर्षांनी सापडला, आणि सापडला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात.

नावाच्याही आधी गणित झाले होते. भारतीय वंशाचे खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी १९६३ साली अत्यल्प वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसत जातो, गाभा तापत जातो आणि शेवटी हायड्रोजनचे संमीलन सुरू होते. तारा जन्मतो तो असा. पण ढगाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ७ टक्क्यांहून कमी असेल तर गाभा पुरेसा तापण्यापूर्वीच दाटीवाटीने कोंडलेले इलेक्ट्रॉन पुढचे आकसणे थोपवून धरतात. भट्टी पेटत नाही. जन्मतःच मिळालेली ऊब उधळत तो पिंड पुढे अब्जावधी वर्षे निवत राहतो. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले होते. कुमार यांनी या पिंडांना 'काळे बटू' म्हटले होते. ते नाव टिकले नाही, कारण पूर्ण निवलेल्या श्वेत बटूंसाठीही तेच वापरले जात होते. (आपल्या पुराणातला बटू तीन पावलांत त्रैलोक्य व्यापतो, हा बटू जन्मभर केवळ निवत जातो. परिभाषा घडवणाऱ्यांच्या मनात वामन असेलच असे नाही, पण मराठी वाचकाच्या मनात तो आल्यावाचून राहत नाही.)

पुढची दोन-अडीच दशके आशा आणि निराशा यांत गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर एका मंद ताऱ्याचा सोबती सापडल्याची वार्ता गाजली. नंतरच्या निरीक्षणांत तो सोबती कोणालाच दिसला नाही. १९८८ साली बेकलिन आणि झुकरमन यांना एका श्वेत बटूशेजारी खरोखरच विलक्षण लाल पिंड आढळला. त्याचा वर्णपट कोणत्याही ज्ञात ताऱ्याशी जुळेना. पण जुळत नाही म्हणजे तो काय आहे, हे सांगणारी खूण त्यात मिळाली नाही.

खूण मिळाली ती १९९५ साली. पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर ताऱ्याचा झगझगाट झाकणारे उपकरण बसवून नाकाजिमा, ओपेनहायमर, कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जवळच्या ताऱ्यांच्या आसपास मंद सोबती शोधत होते. यांपैकी श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. शशक तारकासमूहात सुमारे १९ प्रकाशवर्षांवर 'ग्लीझ २२९' नावाचा एक लाल बटू आहे. त्याच्या शेजारी ऑक्टोबर १९९४मध्ये एक क्षीण ठिपका टिपला गेला. पण ठिपका कशाचाही असू शकतो. फार दूरचा एखादा तारा योगायोगाने त्याच दिशेला आलेला असू शकतो. वर्षभराने पाहिले तेव्हा ठिपका ताऱ्याबरोबर आकाशात सरकला होता. सोबत खरी होती. आता प्रश्न उरला तो सोबत कोणाची, हा.

त्याचे उत्तर २०० इंची हेल दुर्बिणीतून घेतलेल्या अवरक्त वर्णपटाने दिले. सुमारे ९०० केल्विन तापमानाचा पिंड सर्वाधिक प्रकाश टाकतो तो ३ मायक्रॉनच्या आसपास. आपली दृष्टी तर लाल रंगाशी, ०.७ मायक्रॉनपाशीच थांबते. अशा पिंडाचा प्रकाश उलगडून पट्टा मांडला की त्यात जागोजागी खाचा दिसतात. वातावरणातला प्रत्येक रेणू आपापल्या ठरावीक तरंगलांबी गिळतो, आणि उरलेल्या प्रकाशावरून गिळणाऱ्याची ओळख पटते. या पट्ट्यात १.६ मायक्रॉनपाशी आणि २.२ मायक्रॉनच्या पुढे खोल खाचा होत्या. त्या मिथेनच्या होत्या.

मिथेनला एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायला हवे. उष्ण वातावरणात कार्बन ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन राहतो. तापमान साधारण १३०० केल्विनच्या खाली उतरले की तो ऑक्सिजनला सोडून हायड्रोजनकडे वळतो. मिथेन तयार होतो. गुरूच्या वातावरणातले मिथेन १९३०च्या दशकापासून ठाऊक होते. पण ज्याच्या गाभ्यात भट्टी पेटली आहे असा कोणताही तारा पृष्ठभागाशी इतका थंड राहूच शकत नाही. म्हणजे एका रेणूच्या खुणेवरून ठरत होते की हा तारा नव्हे. वस्तुमान मोजले नव्हते, वय ठाऊक नव्हते, तरी निकाल निःसंदिग्ध होता. इतका कमी पुरावा आणि इतका ठाम निष्कर्ष! आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना असे भाग्य क्वचितच लाभते. ऑक्टोबर १९९५मध्ये फ्लॉरेन्सच्या ज्या परिषदेत ही घोषणा झाली, तिथेच सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या ग्रहाचीही घोषणा झाली. जगाचे लक्ष अर्थातच ग्रहाने वेधले.

दोन वर्षांनी, १९९७ साली, त्याच पिंडाच्या वर्णपटात ४.७ मायक्रॉनजवळ कार्बन मोनॉक्साइडही सापडला. नियमाप्रमाणे त्या थंडाव्यात तो इतका असायला नको होता. त्याचा अर्थ असा लागला की खालच्या तप्त थरांतला वायू उकळीसारखा वर येतो आणि रासायनिक बदल पुरा होण्याआधीच पृष्ठभागाशी पोचतो. स्थिर दिसणारा पट्टा वातावरणातल्या हालचालीविषयी बोलत होता.

पुढे असे पिंड शेकड्यांनी मिळाले. ताऱ्यांच्या जुन्या वर्णमालेत 'एम'नंतर अक्षर नव्हते. १९९९ साली कर्कपॅट्रिक व सहकाऱ्यांनी 'एल' हा वर्ग मांडला. त्यात बटूंच्या जोडीने काही अगदी मंद तारेही येतात. मिथेनवाल्यांना 'टी' मिळाले, आणि २०११ साली त्याहून थंडांसाठी 'वाय' आले. 'एल' वर्गात लोखंडाचे आणि सिलिकेटचे ढग तरंगतात, 'टी'कडे येताना ते फाटतात, खाली बसतात. २०१४ साली साडेसहा प्रकाशवर्षांवरच्या एका बटूच्या अशा ढगांचा ढोबळ नकाशाही वर्णपटावरूनच काढला गेला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या एका 'वाय' बटूचे तापमान २५० ते २८५ केल्विनच्या दरम्यान मानले जाते. आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा फार वेगळे नव्हे.

मात्र ग्लीझच्या त्या सोबत्याची गोष्ट एवढ्यात संपली नव्हती. त्याच्या ओढीने मूळ तारा किती हलतो, यावरून पुढे त्याचे वस्तुमान काढता आले. ते भरले गुरूच्या सुमारे ७१ पट, म्हणजे कुमार यांच्या मर्यादेच्या अगदी काठावर. इतका जड बटू एवढा मंद असण्यासाठी तो कल्पनेपलीकडे वृद्ध असायला हवा. सिद्धान्त चुकला असावा, असे काहींना वाटू लागले. वर्णपट तर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासला गेला होता. त्यातले मिथेन, पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, सगळे जागच्या जागी होते.

२०२४ साली चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून पाहिले, आणि एका ठिपक्याचे दोन झाले. एक गुरूच्या सुमारे ३८ पट, दुसरा सुमारे ३४ पट. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या अंतराच्या साधारण सोळापट अंतरावरून ते १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. दोघांचीही हवा मिथेनची, त्यामुळे दोघांच्या खाचा एकमेकींवर पडत होत्या आणि २९ वर्षे एकाच्या म्हणून वाचल्या जात होत्या. सूचीत आता त्यांची नोंद 'बीए' आणि 'बीबी' अशी वेगवेगळी होते.