दमास्कसचा सुरा आणि मुंबईहून गेलेली ढेप

कॅम्पिंगचे सुरे विकणाऱ्या जाहिरातींमध्ये एक वाक्य हमखास असतं: हातानं घडवलेलं अस्सल दमास्कस पोलाद, सोबत चामडी म्यान. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. ‘हातानं घडवलेलं’ हे बऱ्याचदा खरं असतं, म्यानही चामड्याचंच असतं. घोळ आहे तो ‘दमास्कस’ या शब्दात. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी त्याचा इतिहास जरूर वाचावा, कारण पदार्थाचं रासायनिक विश्लेषण करूनही तो कळत नाही म्हणजे काय, हे इथं फार छान दिसतं.

आजचा असा सुरा बहुतेक वेळा दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून बनतो. एका पोलादात सुमारे 1 टक्का कार्बन असतो, दुसऱ्यात कार्बन थोडा कमी पण 2 टक्क्यांच्या आसपास निकेल. तापवायचं, ठोकून सांधायचं, दुमडायचं, पुन्हा सांधायचं. शेवटी पातं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की निकेल नसलेले थर काळवंडतात आणि निकेलवाले चकाकत राहतात. कसबाचं काम आहे, कमी लेखू नका. पण ही नक्षी लोहारानं थर रचून आणलेली असते.

जुन्या दमास्कस तलवारींत थर रचलेले नव्हते. नक्षी एकाच गोळ्यातून उमटायची. हा गोळा म्हणजे दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये बनणारं मुशीतलं पोलाद. लोखंड, लाकडाचे तुकडे आणि पाला मातीच्या मुशीत बंद करून तापवायचे आणि सावकाश थंड होऊ द्यायचे. मूस फोडली की गुळाच्या लहान ढेपेसारखा गोळा हाती यायचा, त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. इंग्रजांनी त्याला ‘वूट्झ’ म्हटलं. कानडीतल्या ‘उक्कु’चा हा अपभ्रंश असावा असं मानतात. (रशियात अशा पोलादाला ‘बुलात’ म्हणतात. आपलं ‘पोलाद’ आणि हे ‘बुलात’ एकाच फारसी शब्दाची लेकरं.)

आता मुंबई. 1790 च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर प्रयोग केले आणि 1795 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. गंमत बघा, निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होतं असं छापलं गेलं! वूट्झच्या भट्ट्या होत्या म्हैसूर, सेलम, गोवळकोंड्याकडे. जिथून पार्सल निघालं ते गाव कागदावर आलं, ज्यांनी मुशी भरल्या त्यांचं नावगाव कुठंच नाही. जुने निबंध वाचताना नमुना कुठून आला आणि कुणाच्या हातून आला, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे ते यासाठी.

पुढचा माणूस मायकेल फॅरेडे. विजेचा फॅरेडे, हो तोच. वडील लोहार होते. 1819 मध्ये त्यानं वूट्झचं विश्लेषण केलं आणि त्याला त्यात अ‍ॅल्युमिना आणि सिलिका सापडले. मग अ‍ॅल्युमिनियममुळेच हे पोलाद भारी होत असेल या विचारानं त्यानं जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले: चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, क्रोमियम. त्यांचे निबंध 1820 आणि 1822 मध्ये आले. वूट्झचं कोडं काही सुटलं नाही, पण मिश्र पोलादांचा पद्धतशीर अभ्यास इथून सुरू झाला. फॅरेडेनं नमुने एका पेटीत जपून ठेवले होते. शंभरेक वर्षांनी रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी त्या पेटीतले 79 नमुने तपासले आणि 1931 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. तुमच्या प्रयोगशाळेतल्या बिनलेबलच्या डब्या आठवल्या का?

युरोपातल्या लोहारांची अडचण वेगळीच होती. ते आपल्या सवयीनं पांढऱ्या आचेपर्यंत तापवून घाव घालायचे आणि वूट्झचा गोळा फुटून जायचा. इतक्या कार्बनचं पोलाद कमी आचेवर, लालसर असतानाच, धीरानं ठोकावं लागतं. हे ज्ञान विश्लेषणाच्या तक्त्यात कसं दिसणार?

उत्तर बऱ्याच अंशी मिळालं ते 1990 च्या दशकात. आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि फ्लोरिडातला लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून अशी पाती पुन्हा घडवली. त्यांचं म्हणणं असं: खनिजातून आलेलं व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य, तेही शेकडा 0.02 पेक्षा कमी, गोळा थिजताना ठरावीक रेषांत साठतं. पातं पुन्हा पुन्हा तापवून ठोकलं की सिमेंटाइटचे कण त्याच रेषांवर जमत जातात आणि पट्टे दिसू लागतात. म्हणजे एकट्या रासायनिक घटकांवर भागत नाही आणि एकट्या घणावरही नाही. व्हॅनेडियम असलेलं खनिज मिळेनासं झालं तेव्हा लोहारांची रीत तीच राहूनही नक्षी उमटेनाशी झाली असावी, हा त्यांचा तर्क. मला तो पटतो, मात्र हा तर्क आहे. खाणींचा पुरावा अजून तेवढा भक्कम नाही.

त्यांनी तुलनेसाठी वापरलेले जुने नमुने बर्नच्या संग्रहालयातल्या तलवारींचे होते. त्याच तलवारी त्शोके यांनी 1924 मध्ये कापून तपासल्या होत्या. त्याच संग्रहालयातल्या सतराव्या शतकातल्या एका तलवारीत ड्रेस्डेनच्या गटाला 2006 मध्ये कार्बन नॅनोट्यूब आढळल्या. लगेच वर्तमानपत्रांत ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ सुरू झालं. मूळ लेख काढून वाचा: तो अगदी छोटा आहे आणि एकाच तलवारीवरचा आहे. साध्या पोलादाचं पातं तसंच घडवून, तशाच आम्लात विरघळवून पाहिलं तर काय दिसेल, हा प्रश्न जर्नल क्लबमध्ये मी पहिला विचारीन.

आणि सुरा घेतलाच असेल तर तो म्यानात ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि या पोलादात गंज रोखण्याइतकं क्रोमियम नसतं. पुसून, तेलाचा हात फिरवून बाहेरच ठेवा.