परमुलखातला कसबी आणि वास्तव्याचा परवाना



जुन्या काळी गावात नवा सुतार किंवा लोहार आणून बसवायचा झाला, म्हणजे गाव काय करीत असे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. 'ये आणि आमचे नांगर नीट कर', एवढ्याने भागत नसे. त्याला घर बांधायला जागा द्यावी लागे, सुगीचे बलुते ठरवून द्यावे लागे. कसब हवे, तर त्या कसबामागून येणाऱ्या बिऱ्हाडाचीही सोय पाहावी लागे. हाच व्यवहार एखादे राज्य परमुलखातल्या माणसाशी करते, तेव्हा तो कागदावर उतरतो. त्या कागदालाच आज वास्तव्याचा परवाना म्हणतात.

आज आपल्याकडची कितीतरी शिकलेली मुले जर्मनीला नोकरीसाठी जातात. त्यांच्या हाती जो कागद पडतो त्याला बराच मोठा इतिहास आहे. त्या भूमीत गेल्या सुमारे साडेतीनशे वर्षांत असे चार कागद निघाले. ते एकापुढे एक ठेवून पाहिले, म्हणजे राज्याने काय मागितले आणि काय मिळवले, याचा हिशेब आपोआप लागतो.

पहिला कागद १६८५ सालचा. त्या वेळी आजचा जर्मनी नव्हता. लहानमोठी अनेक राज्ये होती. त्यांतले ब्रांडेनबुर्ग हे एक. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने त्याची पार धूळधाण झाली होती. गावेच्या गावे ओस पडली होती. अशात १६८५ च्या ऑक्टोबरात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने आपल्या प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. या लोकांना ह्यूगनॉट म्हणत. त्यांच्यात विणकर होते, टोप्या आणि हातमोजे करणारे होते, घड्याळजी होते. ब्रांडेनबुर्गचा राज्यकर्ता (इलेक्टर) फ्रीडरिक विल्हेल्म याने संधी ओळखली आणि महिन्याच्या आत पोट्सडामचा प्रसिद्ध जाहीरनामा काढला.

त्यात काय होते? येणाऱ्याला राहायला जागा, ओसाड घरे दुरुस्त करायला सामान, काही वर्षे करमाफी, कारागिरांच्या संघात प्रवेश, स्वतःच्या भाषेत प्रार्थना आणि स्वतःचे न्यायाधीश. 'अमुक वर्षांनी परत जा', असे त्यात कुठेही नव्हते. सुमारे वीस हजार माणसे त्या राज्यात आली. स्थानिक कारागीर कुरकुरले; ते साहजिकही होते, कारण सवलती पाहुण्यांना आणि कर मात्र त्यांना. पण बर्लिनचे रूप त्या माणसांनी पालटले. १६८९ मध्ये तिथे निघालेली फ्रेंच शाळा आजही चालू आहे. शिक्षक मंडळींनी हे ध्यानात घ्यावे, की त्या राज्यकर्त्याने कारागीर बोलावले आणि चार वर्षांत त्यांच्या मुलांसाठी शाळा उभी राहिली.

आता एकदम अडीचशे-पावणेतीनशे वर्षे पुढे येऊ. दुसरे महायुद्ध संपून जर्मनीचे दोन तुकडे झाले होते. पश्चिम जर्मनीतले कारखाने धडधडू लागले आणि हात कमी पडू लागले. म्हणून १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी मजूरभरतीचे करार झाले. आणखीही काही देशांशी झाले. हे लोक बहुतेक अंगमेहनतीच्या कामाला आले होते, उच्च कसबाच्या नव्हे. त्यांना नाव मिळाले 'पाहुणे कामगार'. पाहुणा म्हटला की तो जाणारच, हे त्या नावातच ठरून गेले होते. तुर्की कामगारांना सुरुवातीला दोनच वर्षांची मुदत होती. पण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी घालवायचा आणि पुन्हा नवा शिकवायचा, हे कारखानदारांनाच परवडेना. १९६४ मध्ये ती अट काढावी लागली.

त्याच साली दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून आर्मांदु रोद्रिगिश नावाच्या पोर्तुगीज सुताराचा कोलोनच्या स्टेशनावर मोठा सत्कार झाला. फुलांचा गुच्छ दिला, एक मोपेड भेट दिली. ती मोपेड आज बॉन शहरातल्या इतिहास-संग्रहालयात आहे. पण पुढची गोष्ट ऐका. हा माणूस आजारी पडून गावी परतला, तेव्हा जर्मनीत भरलेली पेन्शनची रक्कम त्याने काढून घेतली आणि ती औषधपाण्यात गेली. आजारपणात आपल्याला तिथून मदत मिळण्याचा हक्क होता, हे त्याला माहीतच नव्हते. १९७९ मध्ये तो वारला. सत्कार झाला, पण कागदावरचे हक्क समजावून सांगायला कोणी भेटले नाही.

१९७३ च्या नोव्हेंबरात, तेलाच्या टंचाईच्या दिवसांत, ही भरती बंद झाली. गरज सरो, वैद्य मरो! तोवर सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे आली होती आणि सुमारे एक कोटी दहा लाख परत गेली होती. उरलेल्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. ती मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा सरकारच्या लक्षात आले, की पाहुण्यांसाठी आपण काही तजवीजच केलेली नाही.

तिसरा कागद आपल्या अगदी जवळचा. इ. स. २००० च्या फेब्रुवारीत चॅन्सेलर श्रोडर यांनी हानोव्हरच्या संगणक-प्रदर्शनात जाहीर केले, की परदेशी संगणकतज्ज्ञांना 'ग्रीन कार्ड' देऊ. लोकांच्या डोळ्यांपुढे भारतीय तरुणच होते. एका प्रांताच्या निवडणुकीत तर, भारतीय आणण्यापेक्षा आपली मुले संगणकापुढे बसवा, अशा अर्थाचा प्रचार झाला. तो करणारा पक्ष तिथे हरला. १ ऑगस्ट २००० पासून योजना सुरू झाली. विषयातली पदवी हवी, किंवा वर्षाला एक लाख मार्क पगार हवा. परवान्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे! बायकोला नेता येई, पण आल्याबरोबर तिला नोकरी करता येत नसे. वीस हजारांची मर्यादा ठेवली होती. २००४ अखेर योजना संपली तेव्हा सुमारे अठरा हजारच परवाने गेले होते. त्यांत भारतीय सर्वांत जास्त. मध्यंतरी संगणकाच्या धंद्यात मंदी आली हे खरे. पण पाच वर्षांनी उठायचे असेल, तर हुशार माणूस बिऱ्हाड कशाला थाटील?

हा धडा चौथ्या कागदात उतरलेला दिसतो. युरोपीय संघाने २००९ मध्ये 'ब्ल्यू कार्ड'चा कायदा केला आणि जर्मनीने तो १ ऑगस्ट २०१२ पासून लागू केला. यात नोकरीचा करार लागतो, पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे का हे तपासले जाते, आणि पगार सरकारने दरवर्षी ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी चालत नाही. डॉक्टरांना शिवाय व्यवसायाची वेगळी मान्यता लागते. आधी वकिलातीतून व्हिसा, तिथे घर घेतल्यावर दोन आठवड्यांत नगर-कार्यालयात नोंद, आणि मग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्याचा अर्ज, असा क्रम असतो. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येते. नोकरी टिकवून पेन्शनची वर्गणी भरली आणि जर्मन भाषा मध्यम पातळीपर्यंत शिकली, तर एकवीस महिन्यांनी कायम वास्तव्य मागता येते. म्हणजे १६८५ साली जे एका राज्यकर्त्याला उमगले होते, ते पुष्कळ ठेचा खाल्ल्यावर कायद्यात परत आले.

आता तुम्ही म्हणाल, याचा आमच्या गावाशी काय संबंध? संबंध असा, की गावातला एखादा मुलगा किंवा मुलगी असा अर्ज करायला निघते, तेव्हा घरचे पगाराचा आकडा आधी विचारतात. तो विचारावाच. पण त्याबरोबर चार प्रश्न आणखी विचारावेत. परवान्याची मुदत किती? नोकरी सुटली तर परवान्याचे काय होते? जोडीदाराला काम करता येते का? आजारपणात आणि म्हातारपणी हक्क कोणते? आणि शिक्षकांनी एक करावे. परदेशी भाषा ही श्रीमंतांची हौस नसून हक्काचा कागद वाचण्याची किल्ली आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

त्या पोर्तुगीज सुताराचा हातगुण कमी नव्हता. आपल्या हक्काचे काय लिहिले आहे, तेवढे मात्र त्याला कोणी वाचून दाखवले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत ते काम आपल्याला इथे, निघण्यापूर्वीच करता येईल.