स्वयंचलित हबऐवजी हाताने फिरवायचे हब : बदल लहान, काळजी मोठी

चिखलात किंवा बर्फात मागची चाके जागीच फिरू लागली, की चालक फोर-व्हील-ड्राइव्हचा दांडा ओढतो. पुढची चाके मात्र जोर लावीत नाहीत. अशा वेळी दोष इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये असेलच असे नाही. अनेकदा तो पुढच्या चाकांच्या मध्यभागी बसविलेल्या हबमध्ये असतो. जुन्या अमेरिकी पिकअप गाड्यांचे मालक म्हणूनच स्वयंचलित हब काढून तेथे हाताने फिरवायचे हब बसवितात.

हब कशासाठी?

गरजेपुरताच फोर-व्हील-ड्राइव्ह वापरणाऱ्या गाडीत एरवी इंजिनाची शक्ती केवळ मागच्या चाकांना मिळते. तरीही पुढची चाके आपल्याबरोबर अॅक्सल, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट विनाकारण फिरवीत राहतात. त्यामुळे इंधन वाया जाते, आवाज वाढतो आणि भाग झिजतात. मोकळा सोडता येणारा हब चाक आणि अॅक्सल यांचा संबंध तोडतो. अमेरिकेतील सिएटल येथे आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने महायुद्धानंतर उरलेल्या विलीज जीपसाठी असे हब बनविले. याच विलीज जीपची जोडणी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत सुरू केली होती.

अशा हबसाठी चालकाला खाली उतरून दोन्ही चाकांवरील हब हाताने अडकवावे लागत. तो त्रास वाचावा म्हणून स्वयंचलित हब आले. १९८३ ते १९९७ या मॉडेल वर्षांतील फोर्ड रेंजरच्या अनेक फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना ते बसविलेले होते.

अडचण कोठे?

स्वयंचलित हबमध्ये अॅक्सल फिरू लागला, की कॅम आतील दातेरी कडे सरकवून हबमध्ये अडकवितो. ते सोडविण्यासाठी टू-व्हील-ड्राइव्ह लावून गाडी सुमारे तीन मीटर उलट दिशेने न्यावी लागते. नेमकी येथेच मेख आहे. चिखलात रुतलेली गाडी चालक पुढे-मागे हलवून बाहेर काढतो. दिशा बदलताच हब सुटतो आणि झटक्याने पुन्हा अडकतो. उतारावर इंजिनाच्या साह्याने वेग रोखताना जोराची दिशा उलटते. काही रचनांमध्ये तेव्हाही हब सुटण्याची शक्यता असते. धूळ, पाणी, घट्ट झालेले ग्रीस आणि कॅमची झीज यांनी बिघाडात भर पडते.

बदल कसा होतो?

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना अडण लावावी. पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकवर विसंबून राहू नये. चाक काढल्यावर जुना हब बाहेर येतो. नंतर अॅक्सलच्या टोकावरील सर्क्लिप, वॉशर, प्लॅस्टिकचा कॅम आणि त्याची चावी काढावी लागते.

खरी जोखीम यापुढे आहे. १९९० नंतरच्या अनेक रेंजर गाड्यांत स्वयंचलित हबसाठी बेअरिंगचा नट वेगळ्या पद्धतीचा असतो. नव्या हबसोबत आतील नट, कुलूप-वॉशर आणि बाहेरचा लॉकनट असा स्वतंत्र संच घ्यावा लागतो. नट आवळताना चाकाचा ड्रम किंवा डिस्क फिरवीत राहावी, मग नट सैल करून गाडीच्या सेवापुस्तिकेतील मापानुसार टॉर्क पान्याने बसवावा. नट अधिक आवळला, तर बेअरिंग तापून जळते. सैल राहिला, तर चाक डुगडुगते आणि प्रसंगी निखळून जीवावर बेतू शकते. हे काम अंदाजाने करण्याचे नाही. हबमध्ये ग्रीसचा हलका थरच द्यावा. ठासून भरल्यास थंडीत चकती फिरत नाही.

१९९८ ते २००० या मॉडेल वर्षांतील रेंजरमध्ये निर्वात दाबावर चालणारे हब होते. त्यांची रचना निराळी असल्याने वरील कृती त्यांना लागू होत नाही.

वापरताना

दोन्ही हब एकाच स्थितीत असावेत. एकच हब अडकविलेला असेल, तर साधे डिफरन्शियल सारी गती मोकळ्या बाजूच्या अॅक्सलला देते आणि पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. खराब रस्ता लागण्यापूर्वीच, कोरड्या जागी उतरून हब अडकवावेत. ते अडकवून टू-व्हील-ड्राइव्हमध्ये गाडी चालविल्यास धोका नसतो, फक्त इंधन थोडे अधिक लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हील-ड्राइव्ह लावू नये. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग वेगळा असल्याने यंत्रणेवर ताण येतो.

चिखलात उतरण्याचा त्रास ही या बदलाची किंमत आहे. त्या बदल्यात हब अडकला की नाही, हे चालकाला चकतीकडे पाहून कळते. शहरातील रस्त्यांवरच धावणाऱ्या आणि स्वयंचलित हब सुस्थितीत असलेल्या गाडीला हा खर्च करण्याचे कारण नाही. दुर्गम भागात एकट्याने जाणाऱ्यासाठी मात्र तो सार्थकी लागतो.