हजार रुपयांची देवी

आमच्या आजीच्या दंडावर रुपयाएवढे दोन वण होते. माहेर कळमनुरीकडचं, अंमल निजामाचा. देवी काढणारा गावात आला की लेकरं कणगीमागं नाहीतर तुरीत पसार. तो गोल दातेरी फिरकी दंडावर दाबायचा नि पिळायचा. मग ताप, ठणका, खपली. आजीच्या धाकट्या भावाला मात्र घरच्यांनी नीट लपवलं. त्याला देवी आल्या, दोन्ही डोळे गेले. जन्मभर तो काठी टेकत चालला.

पंचाहत्तर-शहात्तर साली भिंतींवर लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये. आजोबा आठवडी बाजारात कांजण्यांची पोरं आशेनं निरखून बघत. हजार काही मिळाले नाहीत. मे १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडलाच नाही.

त्या पिढीला सरसकट अडाणी म्हणणं मला पटत नाही. कोणत्या वयात काय गाठतं हे आजीला पाठ होतं. हातात औषध नव्हतं. पाचवीला सटवाई पुजायची, कारण इळ्यानं नाळ कापलेली लेकरं त्याच आठवडा-दोन आठवड्यांत धनुर्वातानं ताठ होऊन जायची. पुढं डांग्या खोकला, मग गोवर.

आजचं लसीकरणाचं कार्ड याच वाटेनं चालतं. धनुर्वाताची सुई आईलाच, गरोदरपणी. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ-ब ची लस. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटा. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात त्यातच आले. सोबत पोलिओ, रोटा, न्यूमोनियाच्या लसी. रात्री मांडी सुजते, लेकरू किरकिरतं, आणि सासू सुनेला बोल लावते. तेवढं अजून बदललेलं नाही. नऊ महिने पुरे झाले की गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमारास त्याचा दुसरा डोस नि बूस्टर. मग पाचव्या, दहाव्या, सोळाव्या वर्षी.

आमच्याकडं डोस चुकतात ते ऊसतोडीच्या घरांत. दिवाळीनंतर कोयता निघतो, कार्ड घरच्या पेटीत राहतं, लेकरू फडावर. म्हणून आमच्या गावची आशाताई निघायच्या आदल्या दिवशी दारात उभी राहून कार्ड गाठोड्यात बांधायला लावते. फडाजवळच्या उपकेंद्रात पुढचा डोस मिळतो, आणि उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.