अडीच गुंठ्यांची गोष्ट

आजचा विषय आहे भाजी. साधी कोबी, बटाटे, कांद्याची भाजी. हसू नका, कारण भाजी लावायच्या जमिनीवरून एकदा ब्रिटनचं सरकार पडलंय. ते कसं ते सांगतोच, पण आधी एक हिशोब करू.

लंडनला किंवा लेस्टरला तुमच्या ओळखीचं कुणी राहत असेल तर 'अलॉटमेंट' हा शब्द कानावर आला असेल. नगरपालिकेची मोठी मोकळी जमीन असते, तिचे तुकडे पाडलेले असतात, आणि वर्षाचं थोडंसं भाडं भरून एकेका कुटुंबाला भाजीपाला, फळं लावायला एकेक तुकडा मिळतो. घर तिथे नसतं. तिथे फक्त वाफे, अवजारं ठेवायला लाकडी खोपटं आणि पाण्याची सोय. या तुकड्याचं रूढ माप दहा चौरस रॉड. आता रॉड म्हणजे काय हे कोण लक्षात ठेवणार? पण गंमत बघा, चार चौरस रॉड म्हणजे बरोब्बर एक गुंठा. म्हणजे दहा रॉडचे झाले अडीच गुंठे. एकर दोन्हीकडे तोच, म्हणून हिशोब इतका चोख बसतो.

पण अडीचच का? पाच का नाही, वीस का नाही?

त्यासाठी अडीचशे वर्षं मागे जाऊ. इंग्लंडच्या खेड्यातही गायरान असायचं. जमीन कागदोपत्री जमीनदाराची, पण गाय चारायचा, सरपण आणायचा, बदकं सोडायचा हक्क गावकऱ्यांचा. मोठी, नफ्याची शेती करायची तर हे हक्क आडवे यायचे. मग पार्लमेंटात एकेका गावासाठी कायदा करून या जमिनींना कुंपणं घातली गेली. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 हून जास्त कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन कुंपणाआड गेली. ज्याच्याकडे कागद होता त्याला वाटा मिळाला. ज्याच्याकडे नुसती वहिवाट होती, त्याच्या हाती बहुतेक वेळा काहीच आलं नाही. गाय गेली, दूध गेलं, सरपण गेलं. उरली फक्त मजुरी, आणि हिवाळ्यात तीही नाही.

उपाशी मजुरांना पोसायचा खर्च गावातल्या जमीनवाल्यांवर कर म्हणून पडायचा. त्यामुळे काही पाद्री आणि जमीनदार म्हणू लागले की यांना थोडी जमीन द्या, आपलं आपण पिकवून खातील. विल्टशरमधल्या ग्रेट समरफर्ड गावात स्टीफन डेमनब्रे नावाच्या पाद्रीने कुंपणं घालतानाच गरिबांसाठी जमीन राखून ठेवायला लावली. 1809 साल होतं ते. तिथे आजही भाजी पिकते.

पण सगळीकडे असा पाद्री नव्हता. 1830 मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या मजुरांनी मळणी यंत्रं फोडायला सुरुवात केली, कारण हिवाळ्यात हाताला असलेलं एकच काम, मळणीचं, ते यंत्राने पळवलं होतं. गंज्या जळल्या. त्यानंतर कितीतरी जमीनदारांना अचानक गरिबांच्या भाजीची काळजी वाटायला लागली! कनवाळूपणा होता, नाही असं नाही. पण भीती जास्त होती असं माझं मत.

आता मापाचा मुद्दा. शेतकऱ्यांचा, म्हणजे मजूर लावणाऱ्या मोठ्या शेतकऱ्यांचा, या कल्पनेला विरोध होता. गडी स्वतःच्या तुकड्यासाठी ताकद राखून ठेवेल, आमच्याकडे उशिरा येईल, आमचंच बियाणं चोरेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तुकडा असा हवा की पोटाला आधार व्हावा, पण त्याच्या जिवावर माणूस मजुरी सोडू नये. 1845 च्या कायद्याने असे तुकडे द्यायची तरतूद केली आणि वरची मर्यादा ठेवली पाव एकर, म्हणजे दहा गुंठे. तेवढे तरी मिळाले का? त्या कायद्याखाली सुमारे 6 लाख 15 हजार एकर जमिनीला कुंपण पडलं आणि गरिबांच्या वाट्याला आले सुमारे 2,200 एकर. हजार एकरांमागे साडेतीन! पुढे शहरांमध्ये तुकडा आणखी आकसला आणि दहा रॉडवर येऊन थांबला.

शिवाय अटी असायच्या. बऱ्याच ठिकाणी नांगर चालायचा नाही, फक्त कुदळ-फावडं. रविवारी काम बंद, चर्चला हजेरी. चोरीत सापडला तर तुकडा गेला. म्हणजे आठवड्यातला एकमेव सुट्टीचा दिवस त्याला वापरता येत नव्हता. मग हा माणूस शेती करायचा कधी?

संध्याकाळी. आणि इथे ऋतूंची गोष्ट येते. आपल्याकडे शेतीचं घड्याळ पाऊस चालवतो, तिकडे उजेड. जूनमध्ये रात्री नऊनंतरही दिसत असतं, डिसेंबरात चारलाच अंधार. मजुरी करून आलेल्या माणसाला उन्हाळ्यात तीन-चार तास मिळायचे, हिवाळ्यात शून्य. बाकीचं खुरपणं-वेचणं बायको आणि पोरं करायची. बटाटे लावायचा मुहूर्त गुड फ्रायडे, कारण त्या दिवशी सुट्टी असायची. पण मे महिन्यातसुद्धा एखाद्या रात्री दव गोठतं आणि कोवळा पाला काळा पडतो, म्हणून मातीची भर लावत राहायचं. जून-जुलैत वाटाणे, नवे बटाटे, गूजबेरी, काळे करंट. उन्हाळा दमट गेला की करपा, आणि तो नाशिकच्या टोमॅटोवाल्याला जितका माहीत आहे तितकाच तिकडच्या बटाटेवाल्याला. ऑगस्टमध्ये कांदे काढून वाळवायचे, सप्टेंबरात सफरचंदं. मग जमीन खणून, खत घालून ठेवायची. हिवाळ्यात वाफ्यात उभे राहतात ते लीक, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट, ती सुपारीएवढी कोबी. आणि सगळ्यात वाईट महिने कोणते? जानेवारी नाही. एप्रिल आणि मे! हिवाळी भाज्या फुलावर येऊन संपलेल्या, नवीन काही तयार नाही. बाहेर फुलं, पक्षी, वसंत, आणि टोपलीत फक्त रुबार्बचे आंबट देठ.

आता ते सरकार. 1884 च्या कायद्याने खेड्यातल्या बहुतेक मजुरांना मतदानाचा हक्क मिळाला, पुरुषांनाच अर्थात. पुढच्याच निवडणुकीत जेसी कॉलिंग्ज यांची घोषणा गाजली: तीन एकर आणि एक गाय. नीट बघा, जे कुंपणाआड गेलं तेच परत मागितलं होतं. जानेवारी 1886 मध्ये कॉलिंग्जनी मजुरांच्या जमिनीसाठी दुरुस्ती मांडली, ती 79 मतांनी मंजूर झाली आणि पंतप्रधान सॉल्सबरी यांनी राजीनामा दिला. आतलं खरं राजकारण आयर्लंडचं होतं, हे मान्य. पण पाडायला निमित्त भाजीचं लागलं. आणि कडी म्हणजे, त्याच वर्षी सॉल्सबरी पुन्हा सत्तेवर आले आणि 1887 चा अलॉटमेंट कायदा त्यांच्याच सरकारने केला. तीन एकर मात्र कुणी दिले नाहीत. 1908 च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर मागणी असेल तिथे तुकडे पुरवायची जबाबदारी टाकली. सहा मतदारांनी लेखी मागणी केली की परिषदेला दखल घ्यावीच लागते. हा नियम अजून आहे.

मग युद्धं आली. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवायला लागल्या आणि 1918 पर्यंत तुकड्यांची संख्या 15 लाखांच्या घरात गेली. 1916 मध्ये घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे करायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, चक्क दोन तास पुढे! कारखान्यातून सुटल्यावर संध्याकाळचा उजेड मिळाला. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. सरकारच्या 'डिग फॉर व्हिक्टरी' मोहिमेच्या पत्रकात वर्षभराचा आराखडा होता, कुठल्या वाफ्यात काय, फेरपालट कशी, आणि तो आखला होता 90 फूट बाय 30 फुटांसाठी. म्हणजे आपलेच अडीच गुंठे, किंचित कमी.

हे लोकांना समजावणारा माणूस मला फार आवडतो. सी. एच. मिडलटन, एका जमीनदाराच्या बागेतल्या माळ्याचा मुलगा. रविवारी दुपारी बीबीसी रेडिओवर बोलायचा, जवळपास 35 लाख लोक ऐकायचे. आमच्या धंद्यातला पूर्वजच म्हणा. त्याच काळात, 1943 मध्ये, मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. साम्राज्य एकच होतं. त्यावर वेगळा भाग करू, दोन वाक्यांत उरकायचा विषय नाही तो.

युद्ध संपलं, दुकानं भरली आणि 1960 च्या दशकाच्या शेवटी 15 लाखांचे 5-6 लाख तुकडे उरले. आज तर त्याहून खूप कमी आहेत आणि मागणी इतकी की काही ठिकाणी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं. बर्मिंगहॅम, लेस्टरच्या तुकड्यांवर मेथी आणि कोथिंबीर दिसते. 1925 च्या कायद्यानुसार परिषदेने अलॉटमेंटसाठीच घेतलेली जमीन मंत्र्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बाकीच्या जमिनींना हे कवच नाही.

पूर्व लंडनमधल्या मॅनर गार्डनची जमीन आर्थर व्हिलियर्स या बँकरने तिथल्या गरिबांना भाजी लावायला दिली होती. कायमची, असा त्याचा हेतू होता. 2007 मध्ये तिथले सुमारे 80 तुकडे रिकामे करून घेतले गेले. 2012 चं ऑलिंपिक पार्क तिथेच व्हायचं होतं.