अनुपस्थित पदार्थांचे गद्य : एलिझाबेथ डेव्हिड यांचा सदरलेखनारंभ

पाककृतीचे सदर समीक्षेने आजवर ‘उपयुक्त लेखन’ या खात्यावर मांडून बाजूस ठेवले आहे. कृती करून पाहिली की वाचन संपले, हे त्यामागील गृहीतक. एलिझाबेथ डेव्हिड (१९१३–१९९२) या इंग्रज लेखिकेने सदरलेखनास आरंभ केला तो ज्या परिस्थितीत, ती पाहता हे गृहीतक टिकत नाही.

महायुद्धाचा बराचसा काळ ग्रीस व इजिप्तमध्ये काढून आणि १९४६ साली काही महिने दिल्लीत राहून त्या मायदेशी परतल्या. युद्ध संपले होते, टंचाई मात्र उलट वाढली होती. युद्धकाळात कधी न झालेले पावाचे रेशनिंग इंग्लंडात जुलै १९४६ मध्ये सुरू झाले व १९४८ पर्यंत चालले. १९४६-४७ च्या कडक हिवाळ्यात रॉस-ऑन-वाय येथील हॉटेलातल्या बेचव अन्नाला त्रासून, खरे तर संतापून, त्यांनी भूमध्यसागरी पदार्थांवर टिपणे लिहावयास घेतली. ‘हार्पर्स बझार’च्या ब्रिटिश आवृत्तीच्या संपादिका ॲन स्कॉट-जेम्स यांना त्यांतील गद्य भावले, आणि १९४९ च्या मार्चमध्ये पहिला लेख प्रसिद्ध झाला.

येथे विचारावयाचा प्रश्न असा, की या लेखनाचा वाचक कोण? ऑलिव्ह तेल तेव्हा बहुधा औषधांच्या दुकानात, लहानशा बाटलीतून मिळे. लिंबू दुर्मीळ. पाककृतीचे व्याकरण तर विधीचे. मराठीत आपण ‘घ्यावे, परतावे, उतरवावे’ असे विध्यर्थी लिहितो व कर्ता जवळजवळ लोपतो. इंग्रजीतील आज्ञार्थ वाचकाला थेट कामास लावतो. पण जी आज्ञा पाळणे अशक्य आहे, तिचे काय होते? रूप आज्ञार्थाचेच राहते, अर्थ मात्र इच्छेकडे झुकतो. पदार्थ सिद्ध होण्याची जागा चूल नसून वाक्य ठरते. रंग, वास, बाजारातील गर्दी हे सारे वाक्यानेच पुरवावे लागते. या लेखिकेची शैली घडली ती या सक्तीतून, असे मला वाटते. तिच्या प्रवासांना दिले जाणारे श्रेय काहीसे अतिरिक्त आहे.

१९५० साली जॉन लेहमन यांनी ‘अ बुक ऑफ मेडिटरेनियन फूड’ प्रकाशित केले. मांसाचे रेशन किमतीवर मोजले जाण्याच्या त्या दिवसांत या पुस्तकात अख्ख्या भाजलेल्या मेंढ्यात भरावयाच्या तुर्की सारणाची कृती आहे! कृतींच्या मधून हेन्री जेम्स, नॉर्मन डग्लस आदींचे उतारे गुंफले आहेत. ही रचना स्वयंपाकीणबाईंसाठी नव्हे, वाचकासाठी आहे.

जुलै १९५४ मध्ये रेशनिंग पूर्णतः उठले. पुढील वर्षी पेंग्विनची आवृत्ती निघाली, तेव्हा प्रस्तावनेत लेखिकेस नमूद करता आले की आता बहुतेक जिन्नस मिळू लागले आहेत. पाच वर्षे वाचली गेलेली संहिता तेथून पुढे ओट्यावर उघडी ठेवली जाऊ लागली.