तांबेकर वाडा : बडोद्यातील मराठी वास्तुपरंपरेचा साक्षी

राज्ये लयास जातात, दप्तरे जीर्ण होतात. परंतु एखादी वास्तू टिकून राहिली, तर गतकालीन समाजाचे जीवन तिच्या भिंती-खांबांतून कळू शकते. बडोद्याच्या रावपुऱ्यातील तांबेकर वाडा ही अशीच एक वास्तू होय.

१७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. त्यांच्यामागोमाग शिलेदार, कारकून, पुरोहित, सावकार अशी महाराष्ट्रीय कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. आपल्या दैवतांबरोबर आणि कुळाचारांबरोबर घर बांधण्याची रीतही त्यांनी आणली. भूमी मात्र निराळी होती. देशावर सहज मिळणारा काळा पाषाण विश्वामित्रीच्या गाळाच्या प्रदेशात नव्हता. विटेजोगी माती मात्र विपुल होती. शिवाय काष्ठशिल्पात गुजरातच्या सुतारांचा हात धरणारे थोडेच. मराठी वाड्याची कल्पना आणि गुर्जर कारागिरांचे कसब यांच्या संगमातून बडोद्याचे वाडे उभे राहिले.

या वाड्याचे धनी विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे गणपतराव महाराजांच्या कारकीर्दीत १८४९ ते १८५४ पर्यंत संस्थानचे दिवाण होते. दिवाणांच्या नेमणुकीत व बडतर्फीत इंग्रज रेसिडेंटाचा शब्द प्रबळ ठरण्याचा तो काळ होता. भाऊंची दिवाणगिरी जेमतेम पाच वर्षे टिकली. त्यांचे नाव मात्र वाड्याने आजतागायत राखले आहे.

वाडा चार मजली असून दर्शनी भागातील लाकडी खांब व सज्जे प्रथमदर्शनीच लक्ष वेधून घेतात. वीट-लाकडाच्या अशा बांधणीत खांब-तुळयांचा सांगाडा मजल्यांचा भार पेलतो आणि विटांच्या जाड भिंती उन्हाळ्याचा ताप थोपवून धरतात. मात्र या वास्तूची खरी कीर्ती आहे ती आतील भित्तिचित्रांमुळे. कृष्णचरित्र व महाभारत यांतील प्रसंगांशेजारी येथे मराठे-इंग्रज युद्ध चितारलेले आहे. मराठी सरदारांबरोबर युरोपीय स्त्रियाही आहेत. पुराणकथेची आवड आणि दारात येऊन ठेपलेले परके राज्य, अशी एकोणिसाव्या शतकातील मराठी मनाची दोन्ही अंगे एकाच घराच्या भिंतींवर उमटावीत, हे विशेष म्हणावे लागेल.

ही संपदा जितकी मोलाची तितकीच नाजूक आहे. वीट ओल शोषून घेते. त्या ओलीबरोबर क्षार वर चढतात, गिलावा सुटू लागतो आणि गिलाव्याबरोबर चित्रही जाते. म्हणून अशा चित्रांचे आयुष्य चित्रकाराच्या रंगांइतकेच धडक्या छपरावर आणि वाहत्या पन्हळीवर अवलंबून असते. तांबेकर वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, हे भाग्यच. अन्य शेकडो साध्या घरांना असे छत्र लाभणे शक्य नाही.

देवालयाचा जीर्णोद्धार करणे आपला समाज धर्मकृत्य मानतो आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी जमवतो. देवघर, माजघर व ओटी असलेल्या जुन्या घराचा विचार मात्र वाटणीच्या वेळीच होतो. ज्या घरांतून देवळांना पुजारी, मानकरी आणि महाजन लाभले, तीही त्याच परंपरेचा भाग आहेत. सर्वच घरे राखता येणार नाहीत. पण पाडण्यापूर्वी त्यांचा आराखडा, छायाचित्रे व जुनी कागदपत्रे जतन करणे कोणत्याही देवस्थानच्या आवाक्यातील कार्य आहे. तेवढे घडले, तरी पूर्वजांच्या ऋणाची अंशतः फेड होईल.